ऊर्ध्व वर्धेच्या जलाशयावर एक दिवस

वऱ्हाडांतील माणसास समुद्र म्हणजे बहुधा ऐकीव गोष्ट. अकोल्याहून मुंबई रेल्वेनें सुमारें ५८० किलोमीटर. तेथें कोणी कामानिमित्त गेलाच तर कचेरीचें काम उरकून परत येतो. होडींत बसण्याचा योग त्यास क्वचितच येतो. तथापि आमचें पाणी समुद्रास अनोळखी नाहीं. अकोल्याची मोर्णा पूर्णेस मिळते, पूर्णा तापीस, आणि तापी पश्चिमसमुद्रास. उलट मोर्शीकडील वर्धा नदी वैनगंगेस मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरींत जाते व गोदावरी पूर्वसमुद्रास. तापी व वर्धा या दोहोंचे उगम सातपुड्यांत मुलताईच्याच परिसरांत आहेत. परंतु एकीनें पश्चिमेची वाट धरली, दुसरीनें पूर्वेची. तेव्हां होडींतून मासे धरण्याचा अनुभव घेण्यास आम्हांस समुद्रापर्यंत जावें लागलें नाहीं. मोर्शी तालुक्यांत सिंभोरा येथें वर्धा अडवून केलेला ऊर्ध्व वर्धा प्रकल्पाचा जलाशय हाच आमचा समुद्र. गेल्या पौष महिन्यांत तेथें घालविलेल्या एका दिवसाची हकीकत आम्ही येथें देत आहों. ती केवळ करमणुकीसाठीं नव्हे. तींत आमची स्वतःची एक चूक आहे, आणि ती चूक शेततळें असलेल्या कोणत्याहि कास्तकाराच्या हातून होण्यासारखी आहे, म्हणून ती छापावी असें वाटलें.

आम्ही तिघे होतों. आमचे एक स्नेही, ज्यांस सर्वजण पाटील म्हणतात, त्यांची जमीन खारपाणपट्ट्यांत आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्याचें दुखणें वाचकांस ठाऊकच आहे. विहीर खणली तर पाणी लागतें, पण तें खारें. पिकास दिलें तर काळी जमीन आणखी बिघडते. आभाळांतून पडेल तेवढेंच गोड पाणी. २०१६ सालीं सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना निघाली, तेव्हां पाटलांनीं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असें तळें खणून घेतलें, आणि पुढें स्वखर्चानें त्यांत प्लास्टिकचा कागद अंथरला. त्या पाण्यावर त्यांच्या हरभऱ्यास दोन ओलितें मिळूं लागलीं. अलीकडे त्यांच्या मनानें घेतलें होतें कीं, पाणी सांचलेलेंच आहे, तर त्यांत मासेहि वाढवावे. परंतु ज्यानें कधीं मासा पाण्यांत पाहिला नाहीं, त्यानें एकदम बोटुकली आणून सोडणें शहाणपणाचें नाहीं, असें आमचे दुसरे स्नेही, एक निवृत्त शाळामास्तर, यांचें म्हणणें पडलें. ‘आधीं पाहूं, मग करूं,’ असें गुरुजी म्हणाले. आमचें स्वतःचें म्हणावें तर उभा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला. सातबाराच्या उताऱ्यावर कापूस, तूर, ज्वारी, हरभरा हीं नांवें आम्हीं हजारों वेळां वाचलीं. पाण्याच्या पोटांत येणारें पीक मात्र कधीं त्या दप्तरांत वाचलें नाहीं. तें पाहावें, या कुतूहलानें आम्हीहि निघालों.

रात्रीं दोन वाजतां अकोला सोडून मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती या मार्गानें आम्ही पहांटे साडेपांचास सिंभोऱ्यास पोंचलों. येथील धरण १९९३ सालीं पुरें झालें. सुमारें सहा किलोमीटर लांबीची भिंत, तेरा दरवाजे, आणि उपयुक्त सांठा सुमारें ५६४ दशलक्ष घनमीटर. अमरावती शहर हेंच पाणी पितें, व मोर्शीकडील शेतें त्यावर भिजतात. जलाशयास नल-दमयंती सागर असें नांव दिलेलें आहे. त्या वेळीं मात्र नांवाप्रमाणें कांहीं दिसत नव्हतें. सर्वत्र धुकें, आणि पायांखालीं दंवानें भिजलेला चिखल.

काठावर एक भोईदादा आमची वाट पाहात होते. गुरुजींच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें त्यांची गांठ घालून दिली होती. भोई लोकांचे वाडवडील पूर्वीं पालखी वाहात व नदीवरील उतारूंस पैलतीरास नेत. पूल झाले, पालख्या गेल्या, आतां मासेमारी हाच त्यांपैकीं पुष्कळांचा आधार. हे दादा तेथील मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचे सभासद. त्यांचा पत्र्याचा डोंगा काठास बांधलेला होता, व त्यांत मोटारीच्या चाकाच्या हवा भरलेल्या चार ट्यूबा ठेवलेल्या होत्या. प्रत्येक ट्यूबेस दहा-बारा हात लांबीचा सुताचा दोर बांधलेला.

“एक-एक गळ्यात घालून बसा,” दादा म्हणाले.

पाटलांनीं आपल्या लोकरी कोटाकडे, मफलरीकडे व नव्या बुटांकडे पाहिलें व ते हंसले. साठी जवळ आलेल्या माणसानें गळ्यांत काळी ट्यूब घालून बसावें, हें त्यांस शोभेसें वाटेना. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. आणि येथेंच आमची चूक झाली. आम्ही म्हणालों, “राहूं द्या हो. आपण कोठें पोहावयास जात आहों? काठाकाठानेंच तर फिरावयाचें आहे.” उभ्या नोकरींत नियमाचें पुस्तक उशाशीं घेऊन निजणाऱ्या माणसानें त्या दिवशीं नियम सांगणाऱ्यासच गप्प केलें. भोईदादा कांहीं बोलले नाहींत. पाहुण्यांस दोनदा सांगणें त्यांस बरें वाटलें नसावें. ट्यूबा डोंग्याच्या तळाशींच राहिल्या.

डोंगा सुटला. वल्ह्याच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता. थंडी अशी कीं बोटें आंखडून मूठ उघडेना. परंतु गुरुजींनीं पाण्यांत हात घातला तों पाणी कोमट लागलें! पाटलांसहि नवल वाटलें. याचें कारण कठीण नाहीं. जमीन व हवा रात्रींत निवून जातात. एवढा मोठा पाण्याचा सांठा मात्र दिवसाची ऊब लवकर सोडीत नाहीं. म्हणून पहांटे पाण्यावरून वाफ निघते व तिचेंच धुकें होतें. हातास लागलेल्या त्या ऊबेनें आम्ही आणखी निर्धास्त झालों. ही ऊब किती फसवी असते, तें पुढें येईलच.

आदल्या सायंकाळीं दादांनीं तंगुसाचीं जाळीं लावून ठेवलीं होतीं. तंगूस म्हणजे नायलॉनचा बारीक, पारदर्शक धागा. पाण्यांत तो माशास दिसत नाहीं. जाळ्याच्या वरच्या दोरीस थर्माकोलाचे तुकडे व खालच्या दोरीस शिशाचे मणी, म्हणून तें पाण्यांत भिंतीसारखें उभें राहतें. मासा त्यांत डोकें घालतो, कल्ले अडकतात, मागें सरतां येत नाहीं. पहिल्या जाळ्यांत तीन रोहू व एक मरळ निघाला, दुसरें रिकामें. दादा म्हणाले, हिंवाळ्यांत असेंच. थंडींत मासा सुस्त होतो, खाणें कमी करतो, खोल पाणी धरून बसतो. जो फिरत नाहीं तो जाळ्यांत कसा येणार?

जाळ्यांतून मासा सोडवितां सोडवितां त्यांनीं जी माहिती सांगितली, ती ऐकून पाटील अगदीं विद्यार्थ्यासारखे झाले. कटला, रोहू व मृगळ हे मासे एकाच पाण्यांत राहतात, पण एकमेकांचें ताट ओढीत नाहींत. कटला वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशीं. कापसांत तुरीची ओळ घालणाऱ्या कास्तकारास ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. परंतु हे तिन्ही मासे सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालीत नाहींत. त्यांस पावसाळी पुराचें वाहतें पाणी लागतें. त्यामुळें तळ्यांत बी दरसाल पेरावें लागतें. पूर्वीं हें बी नदीच्या पुरांतून गोळा करीत, व त्यांत कोणकोणते मासे येतील याचा भरंवसा नसे. १९५७ सालीं ओरिसांत हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनीं माशाच्या मेंदूजवळील पीयूष ग्रंथीचा अर्क टोंचून कोंडलेल्या माशांकडून अंडीं घालवून घेण्यांत यश मिळविलें. तेव्हांपासून खात्रीचें बी केंद्रांत तयार होऊं लागलें. प्रथम मत्स्यजिरें, मग मत्स्यबीज, मग बोटाएवढी झाली म्हणजे बोटुकली, अशा त्याच्या पायऱ्या आहेत.

“मग एवढ्या समुद्रांत तुम्ही पेरतां तरी किती?” पाटलांनीं विचारलें.

“पेरनं संस्थेचं काम,” दादा म्हणाले. “राखनं आमचं. लहान आसाचं जाळं टाकलं, का पुढच्या सालची रोटी गेली.”

आस म्हणजे जाळ्याचा घर, त्याचें भोंक. तें बारीक असलें तर पावशेराचा मासाहि अडकतो, आणि तोच मासा सहा महिन्यांनीं किलोचा झाला असता. कोंकणच्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते, तीहि याच विचारानें. बियाण्याचें धान्य दळून खाणारा कास्तकार आपल्या गांवांत मूर्ख ठरतो. पाण्यावरहि न्याय तोच.

धुकें विरळ झालें, तसा पैलतीर दिसूं लागला. उतरत्या पाण्यानें उघड्या पडलेल्या पट्टींत कोणीं हरभरा पेरलेला होता. यास गाळपेर म्हणतात. आमच्यांतला कारकून तेथें जागा झाला. ज्या पाण्यावर आमचा डोंगा तरंगत होता, त्याखालीं एके काळीं गांवें होतीं, शेतें होतीं, बांध होते, आणि प्रत्येक बांधावरून कोणीतरी कोणाशीं भांडलेला होता. तीं नांवें उताऱ्यांवरून कमी झालीं व एका ओळींत सरकारचें नांव लागलें. अशी एक ओळ लिहावयास कारकुनास अर्धें मिनिट लागतें. या जलाशयाचे उतारे आमच्या हातचे नव्हेत, पण दुसऱ्या लहान तलावांच्या बुडीत क्षेत्राचे आम्हीं लिहिलेले आहेत. आणि लिहितांना त्या पाण्याची खोली आमच्या मनांत कधीं आली नव्हती. त्या दिवशीं ती यावयाची होती.

चवथें जाळें ओढतांना दोरी जड लागली. दादा एका हातानें जाळें घेत होते. पाण्यांत खालीं काहींतरी रुंद, रुपेरी असें वळलें. कटला होता, आणि चांगला पांच-सहा किलोंचा असावा. पाटील तो पाहण्यास एकदम उभे राहिले.

“बसा पाटील! उभे नोका राहू!” दादा ओरडले. तोंपर्यंत डोंगा कलला होता. पाटील जाळ्याच्या बाजूस पाण्यांत गेले.

वाचकहो, जें पाणी घटकेपूर्वीं आम्हांस कोमट लागलें होतें, त्यांतच आमचे स्नेही पडले होते. परंतु गारठलेल्या बोटांस जें कोमट लागतें तें कोटाखालच्या ऊबदार अंगास बर्फासारखें लागतें. पाण्यानें मान झांकतांच माणसाची छाती दचकून मोठा श्वास ओढते. तो श्वास आपल्या इच्छेनें येत नाहीं व आपल्या इच्छेनें थांबतहि नाहीं. त्या क्षणीं तोंड पाण्याखालीं असलें तर पाणीच आंत जातें. चांगला पोहणारा माणूस काठापासून हाकेच्या अंतरावर बुडतो, त्याचें एक कारण हें आहे. पाटील तरुणपणीं पूर्णेच्या डोहांत पोहलेले. पण त्यांच्या अंगावर भिजून जड झालेला लोकरी कोट होता, पायांत बूट होते, आणि एक पाय तंगुसांत गुंतला होता. ते वर आले, त्यांनीं तोंड उघडलें, पण त्यांतून शब्द निघेना. त्यांचे डोळे आमच्याकडे होते. ‘राहूं द्या हो’ हे आमचेच शब्द आम्हांस त्या डोळ्यांत वाचावयास मिळाले.

आम्ही पुढें झुंकलों, तर दादांनीं आम्हांस खांद्यास धरून खालीं बसविलें. तिघेहि एका बाजूस गेलों असतों तर डोंगाच उलटला असता. त्यांनीं स्वतःहि पाण्यांत उडी घेतली नाहीं. तळाशीं पडलेली ट्यूब उचलून, दोर आपल्या मनगटास एक वेढा देऊन, त्यांनीं ती नेमकी पाटलांच्या पुढ्यांत टाकली.

“हात मारू नोका! ट्यूबले मिठी मारा! दम घ्या, दम घ्या!”

पाटलांनीं मिठी मारली. दोन-तीन श्वास झाल्यावर त्यांची छाती जरा ठिकाणावर आली. मग दादांनीं कमरेचा चाकू काढून जाळें कापलें. कटला जाळ्याचा अर्धा भाग घेऊन निघून गेला. पाटलांस डोंग्यांत घेण्याचा प्रयत्न दादांनीं केला नाहीं. बाजूनें माणूस वर ओढणें म्हणजे सर्वांस पाण्यांत घालणें. त्यांनीं दोर मागच्या टोंकास बांधला, गुरुजींस तो धरून पाटलांशीं बोलत राहण्यास सांगितलें, आणि वल्हें मारीत डोंगा शंभर-सवाशें हातांवरील उथळ पाण्याकडे नेला. गुरुजी त्यांस मुलांचीं, सुनांचीं, बैलांचीं नांवें विचारीत होते. पाटलांच्या उत्तरांत दांत वाजण्याचाच आवाज अधिक होता.

काठावर दादांच्या घरच्या मंडळींनीं पाटलांचे ओले कपडे तत्काळ काढविले, अंग कोरडें करून दोन घोंगड्यांत गुंडाळलें, आणि शुद्धीवर नीट आल्यावर गोड चहा थोडा थोडा पाजला. कोणीतरी दारूचा घोट द्यावा असें सुचविलें. दादांच्या आईनें त्यास साफ नाहीं म्हटलें. तें बरोबरच होतें. दारूनें ऊब वाटते, पण अंगाची खरी ऊब बाहेर निघून जाते. शेकोटी दूर ठेविली व हातपाय चोळले नाहींत. तासाभरानें कांपरें थांबलें. मोर्शीस डाक्टरास दाखविलें. त्यांनीं छाती तपासून धोका नाहीं असें सांगितलें.

निघतांना पाटलांनीं जाळ्याची किंमत दादांच्या हातीं ठेवली. ते घेईनात. “जाळं पुन्हा इनता येते, भाऊ,” ते म्हणाले. पाटलांनीं शेवटीं ती त्यांच्या आईच्या पदरांत टाकली. आम्ही मात्र दादांपुढें मान खालीं घालून उभे होतों. त्यांनीं दोष दिला नाहीं. तो आमचा आम्हींच पदरांत घेतला.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर येईपर्यंत कोणी बोललें नाहीं. मग पाटील एकदम म्हणाले, “माझ्या तळ्यावर दोर नाहीं.” आणि थोड्या वेळानें, “नातवंडें तेथें खडे टाकीत असतात.”

कास्तकार बंधूंनो, या एका वाक्यासाठीं हा लेख आम्हीं लिहिला. प्लास्टिकचा कागद अंथरलेलें शेततळें हें नदीपेक्षां अधिक कपटी असतें. नदीस उतार असतो, गवत असतें, पाय टेकावयास दगड असतो. कागदावर शेवाळ धरलें म्हणजे आंत पडलेल्या माणसास चढून येण्यास बोटभरहि आधार मिळत नाहीं. जनावर किंवा मूल पडलें तर बोलावयासच नको. तीन मीटर पाणी म्हणजे दोन पुरुषांची जवळजवळ सबंध उंची. त्यास वाचविण्यास जो उडी घेतो, तोहि त्याच कागदावर घसरतो. एकापाठीं दुसरा जातो तो असा.

उपाय थोड्या खर्चाचे आहेत. चारी बाजूंस कुंपण, व दारास कडी. चारी उतारांवर हातहात अंतरावर गांठी मारलेला जाड दोर, वरचें टोंक पक्क्या खुंटास बांधून, खालचें पाण्यापर्यंत सोडलेलें. काठावर दोर बांधलेली हवा भरलेली ट्यूब, आणि एक लांब बांबू. आणि घरांतील प्रत्येकास, गड्यासुद्धां, एकच धडा: उडी घेऊं नये, ट्यूब टाकावी. हिंवाळ्यांत मोटारीचा फुटबॉल, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीचें तोंड, कचऱ्यानें तुंबलें म्हणून जड कपड्यांनिशीं एकट्यानें तळ्यांत उतरूं नये.

पाटलांनीं माघ महिन्यांत हें सर्व केलें. नंतरच त्यांनीं माशांचा विचार हातीं घेतला. हेक्टरीं पांच ते दहा हजार बोटुकली असा सर्वसाधारण बेत सांगतात. त्या मानानें ९०० चौरस मीटरच्या तळ्यास साडेचारशें ते नऊशें येतात. परंतु तळ्याच्या बाजू उतरत्या असल्यामुळें पाणी आटेल तसा पृष्ठभाग लहान होतो, म्हणून त्यांनीं लहान आंकडाच धरला. कागदाच्या तळ्यांत चिखल नसल्यानें माशास नैसर्गिक खाद्य कमी मिळतें. तेव्हां भाताचा कोंडा व पेंड रोज ठरल्या वेळीं घालावी लागते, आणि थंडींत मासा खात नाहीं तेव्हां ती कमी करावी लागते, नाहीं तर उरलेलें कुजून पाणी बिघडतें. पाऊस पडून तळें भरल्यावर श्रावणांत त्यांनीं कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडली. त्या दिवशीं आम्हांस व गुरुजींस बोलावणें होतें.

आम्ही गेलों तेव्हां पाटील पिशवी पाण्यांत तरंगत ठेवून बसले होते, म्हणजे पिशवींतील व तळ्यांतील पाण्याची ऊब सारखी व्हावी व माशांस एकदम धक्का बसूं नये. त्यांच्या अंगांत साधा सदरा होता, पाय अनवाणी होते, आणि गळ्यांत काळी ट्यूब होती. कुंपणाबाहेर नातवंडें हंसत होतीं. पाटलांस त्याचें कांहीं वाटत नव्हतें.

दुसरी एक ट्यूब त्यांनीं आमच्या हातीं दिली, आणि या खेपेस आम्हीं ती निमूटपणें गळ्यांत घातली. तळ्यांत मासे अवश्य सोडावे. पण त्याच्या आधीं दोर बांधावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.